सोंगाचा पट आणि समाजाचा संशय

१ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने दहा चित्रांची एक तिकीटमालिका प्रसिद्ध केली. राष्ट्रपुरुष, पक्षी, फुले आणि अंतराळवीर यांच्या पंक्तीत त्या दिवशी एका बैठ्या खेळाला स्थान मिळाले. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याचे ते निमित्त होते. सरकारी तिकिटावर चित्र येणे ही कोणत्याही देशात प्रतिष्ठेची वरची पायरी समजली जाते. परंतु ज्या विस्कॉन्सिन राज्यात हा खेळ जन्मला, त्याच राज्यातील वॉपन येथील तुरुंगात एका जन्मठेपेच्या कैद्याजवळची या खेळाची पुस्तके आणि त्याने स्वतः लिहिलेले शहाण्णव पानांचे बाड २००४ साली जप्त झाले होते. या खेळात एक जण सूत्रे हलवितो आणि बाकीचे त्याच्या सांगण्याप्रमाणे चालतात, ही रचना गुंडांच्या टोळीसारखी आहे, असे तुरुंगाधिकाऱ्यांचे म्हणणे होते. २०१० साली अपील न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. म्हणजे एकाच देशात, अवघ्या चौदा वर्षांच्या अंतराने, हा खेळ एका ठिकाणी टोळीचा नमुना ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी राष्ट्रीय कौतुकाचा विषय झाला. खेळाचे नियम मात्र या काळात मुळातून बदललेले नव्हते.

सातपुड्याच्या पायथ्याशी बसून या दूरदेशीच्या खेळाची चौकशी कशासाठी, असा प्रश्न नंदुरबारच्या वाचकाला साहजिकच पडेल. त्याचे उत्तर असे की, खेळ परका असला तरी त्याच्या अब्रूची कहाणी आपल्या चांगलीच ओळखीची आहे. खेळाला नाव ठेवणारे लोक बहुधा तो कधी खेळलेले नसतात, आणि नंतर त्याच खेळाला डोक्यावर घेणारेही पुष्कळदा तेच असतात. हा प्रकार आपल्या जिल्ह्यात पत्त्यांच्या बाबतीत घडतो आणि होळीच्या सोंगांच्या बाबतीतही घडतो. आणि ज्या विचारपद्धतीने तो घडतो, तीच विचारपद्धती आपल्या डोंगरातील काही पाड्यांवर एखाद्या बाईला घराबाहेर काढते. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही.

खेळ तरी कसला?

‘रोल-प्लेइंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळप्रकाराला मराठीत भूमिकाखेळ म्हणता येईल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. त्या पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई यांचे आकडे कागदावर मांडलेले असतात. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो प्रसंग रचतो, वाटेतल्या साऱ्या माणसांच्या आणि राक्षसांच्या वतीने बोलतो व न्याय देतो. त्याला इंग्रजीत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. आपल्याकडे त्याच्यासाठी सूत्रधार हा शब्द दीड हजार वर्षांहून अधिक काळ तयार आहे.

समजा, सूत्रधार म्हणाला, “तोरणमाळच्या घाटात धुके उतरले आहे. समोर वाट दुभंगली आहे आणि उजवीकडून कोणाच्या तरी विव्हळण्याचा आवाज येतो आहे. तुम्ही काय करता?” एक जण म्हणतो, मी आवाजाच्या दिशेने जातो. दुसरा म्हणतो, थांब, हा फसवा आवाज असेल. वाद होतो, निर्णय होतो, फासा पडतो. फाशाला कधी सहा, कधी वीस बाजू असतात. दान चांगले पडले तर बेत तडीस जातो; वाईट पडले तर गोष्ट वेगळ्याच वळणाला लागते. या खेळात शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सर्वांनी मिळून एक गोष्ट रचलेली असते, एवढेच.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या एक हजार, आणि त्यांची खोकी हातांनी भरलेली होती. त्याचे पूर्वज म्हणजे पटावरचे युद्धखेळ. प्रशियाच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकात आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ते वापरले होते. अमेरिकन रचनाकारांनी केलेला मोठा बदल असा की, सैन्याच्या ऐवजी त्यांनी खेळाडूच्या हाती एकच माणूस दिला. सैन्य चालविणारा डावपेच आखतो. एकच माणूस चालविणाऱ्याला मात्र त्या माणसाच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो. पटाला सोंगाची जोड मिळाली ती येथे.

बदनामीचे दशक

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक अत्यंत हुशार विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. तो हा खेळ खेळत असे, एवढ्या धाग्यावरून शोधासाठी नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने असा तर्क मांडला की, विद्यापीठाच्या इमारतींखालील वाफेच्या नळांच्या भुयारांत तो हा खेळ प्रत्यक्ष खेळावयास गेला असावा. वृत्तपत्रांना याहून अधिक काय हवे होते? महिन्याभराने मुलगा सापडला, दूर लुइझियाना राज्यात. त्याच्या जाण्याचा खेळाशी संबंध नव्हता. कोवळ्या वयात मोठ्यांच्या वर्गात बसण्याचा ताण, एकटेपणा आणि खिन्नता ही खरी कारणे होती. पुढच्याच वर्षी त्याने जीवन संपविले. तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती भुयारांची कथा. १९८१ मध्ये या विषयावर कादंबरी आली आणि १९८२ मध्ये तीवरून दूरचित्रवाणीवरचा चित्रपट निघाला. त्यात भ्रमिष्ट होणाऱ्या खेळाडूचे काम केले होते तरुण टॉम हँक्स यांनी.

त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यात एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने या खेळाला जबाबदार धरले. शाळेत खेळताना आपल्या मुलावर शापाचा प्रयोग झाला, असे तिचे म्हणणे होते. तिने मुख्याध्यापकांविरुद्ध दावा केला, तो न्यायालयाने फेटाळला. तेव्हा १९८३ मध्ये तिने या खेळाविरुद्ध संघटना उभी केली. चर्चमधून प्रवचने झाली, शाळांतील मंडळे बंद पडली, हा खेळ सैतानपूजेचे प्रवेशद्वार आहे अशी पत्रके वाटली गेली. १९८९ च्या आवृत्तीत प्रकाशकांनी राक्षस व सैतान यांच्यासाठीचे रूढ शब्द काढून टाकून नवी नावे घातली, यावरून त्या दबावाची कल्पना येते. गंमत अशी की, या साऱ्या बोभाट्यात खेळाचा खप वाढतच गेला.

या आईला हसणे सोपे आहे; परंतु ते योग्य होणार नाही. तिचे दुःख खरे होते. ज्या दुःखाला कारण सापडत नाही, ते माणसाला वेडेपिसे करते. मग जे समोर असते, अनोळखी असते आणि ज्याची बाजू घ्यायला घरात कोणी नसते, त्याच्याकडे बोट दाखविले जाते. पुढे संशोधकांनी आणि काही पत्रकारांनी एकेक प्रकरण तपासले, तेव्हा खेळ आणि आत्महत्या यांचा कार्यकारणसंबंध कोठेही सिद्ध झाला नाही. लाखो मुले जो खेळ खेळतात, त्यांतील काही मुले दुर्दैवाने मरण पावली तर मृत्यूचे कारण तो खेळ ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा आहे. परंतु भयाच्या बाजारात तर्कशास्त्राला गिऱ्हाईक मिळत नाही.

डोंगरातील ओळखीचा चेहरा

अमेरिकेच्या त्या दशकाची हकीकत वाचताना अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यात नोकरी केलेल्या शिक्षकाला काहीतरी ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. घरात मूल आजारी पडते, ताप उतरत नाही, गुरे मरतात. आणि मग पाड्यावरील एखाद्या बाईला, पुष्कळदा एकट्या किंवा विधवा बाईला, डाकीण ठरविले जाते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, काही वेळा जीवही जातो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भागात वर्षानुवर्षे काम केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा सैतानाचा अवतार आहे असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

दोन्ही गोष्टींचे वजन सारखे नाही, हे उघडच आहे. तेथे एका खेळावर आळ आला. येथे जिवंत बाईचे घर उठते. परंतु दोन्हींमागची विचारपद्धती एक आहे. तीत दुःख खरे असते, आरोपी खोटा असतो आणि खरे कारण मोकळे राहते. तेथे मुलांचे एकटेपण आणि मानसिक आजार मोकळे राहिले. येथे कुपोषण, ताप आणि पाड्यापर्यंत न पोहोचलेला रस्ता मोकळा राहतो. अडाणीपणा ही डोंगरातल्या माणसाची मिरासदारी नाही, एवढे तरी यातून सुशिक्षितांनी शिकण्यासारखे आहे. विद्यापीठे, वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी असलेल्या समाजाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका खेळात चेटूक पाहिले. पाड्यावरच्या भगताला एकच गाव ऐकते, आणि त्या दूरचित्रवाणीला मात्र सारा देश ऐकत होता.

पटाची अब्रू

भूमिकाखेळाची दोन अंगे आहेत, पट आणि सोंग. या दोन्हींचा आपल्याकडे स्वतःचा, बराच जुना आणि तितकाच विसंगत इतिहास आहे.

आधी पट घेऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त फाशांच्या नादी लागून संसार उधळलेल्या जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे आहे. महाभारताचा सारा अनर्थ द्यूतसभेतून सुरू होतो. पण वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत, आणि त्या शिल्पापुढे माणसे हात जोडतात. धर्मराजाच्या हातचा फासा पाप ठरतो आणि महादेवाच्या हातचा लीला ठरते. खान्देशातील माणसाला यात नवल वाटू नये, कारण आखाजी त्याच्या घरचीच आहे. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि पुरुषमंडळी पत्त्यांचा डाव मांडून बसतात. त्या दिवशी घरातील वडीलधारे त्याकडे काणाडोळा करतात. तोच डाव चार दिवसांनी निंबाखाली मांडला की जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात नावे छापून येतात.

कायद्याने मात्र या बाबतीत समाजापेक्षा अधिक विवेक दाखविला, असे म्हणावे लागेल. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलेले होते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पुढे मोबाइलवरून पैशांचे खेळ घरोघर शिरले, तेव्हा २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. आणि ज्यांत पैशांची बाजी नाही असे खेळ त्यातून वेगळे ठेवले. म्हणजे फासा, पत्ता किंवा पडदा यांपैकी कशालाही दोषी न धरता पणाला काय लावले आहे, हे पाहावयाचे, या मुद्द्यावर कायदा येऊन पोहोचला. सामान्य माणसाने तेथपर्यंत पोहोचण्यास हरकत नाही.

बुद्धिबळाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अवधच्या नवाबीतील बुद्धिबळाच्या वेडावर प्रेमचंदांनी लिहिलेली कथा आणि तीवरचा सत्यजित राय यांचा १९७७ चा चित्रपट पाहिला, तर पटावर खिळलेला माणूस म्हणजे ऱ्हासाची खूण असे वाटते. परंतु त्याच सुमारास महाराष्ट्रात खाडिलकर भगिनी त्या खेळाचे चित्र पालटत होत्या. ज्या वर्षी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, त्याच १९७४ साली वासंती खाडिलकर महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्या ठरल्या. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा आक्षेप घेतले गेले. अखेर महिलांना अशी मनाई करता येणार नाही, असे जागतिक संघटनेला स्पष्ट करावे लागले. २०२५ च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ‘पोरीच्या जातीला हे कशाला’ असे म्हणावयास कोणी धजले नाही. पट तोच, चौसष्ट घरे तीच. बदलली ती खेळणाऱ्यांविषयीची अपेक्षा.

सोंगाची अब्रू

सोंगाची कथा याहून कडू आहे. मराठीत ‘सोंग’ या शब्दालाच संशय चिकटलेला आहे. ‘सोंगे करू नकोस’ हे रागावलेल्या आईचे वाक्य आहे, आणि ‘नाटकी’ हे विशेषण कोणी भूषण म्हणून मिरवीत नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री तयार झाली नाही; ते काम साळुंके नावाच्या पुरुषाला करावे लागले. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनी उभी केली, आणि प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने असे करावे म्हणून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. एकाच भूमिकेचा हा सत्तर वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढे ठेवला, तर समाजाची नीतीविषयीची मते किती झपाट्याने म्हातारी होतात ते कळते.

आणि आपल्या जिल्ह्यात? काठीच्या राजवाडी होळीला शेकडो वर्षांची परंपरा सांगितली जाते. त्या होळीत आणि सातपुड्यातील इतर होळ्यांत बावा, बुध्या, मोरखी, काली अशी सोंगे घेणारे तरुण आधी व्रत पाळतात. जमिनीवर झोपावयाचे, खाटेवर बसावयाचे नाही, ब्रह्मचर्य पाळावयाचे, असे त्याचे कडक नियम आहेत. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असा साज चढवून ते रात्रभर ढोलावर नाचतात. पहाटे होळी पेटते. नवापूर-नंदुरबारकडील सोंगाड्या पार्ट्याही गावोगाव रात्री जागवीत आल्या आहेत. हे सोंग म्हणजे फसवणूक नव्हे, हे कोणाही पाहणाऱ्याला कळते. काही दिवसांपुरते दुसरे कोणी व्हावयाचे, त्या होण्याची जबाबदारी सांभाळावयाची आणि व्रत संपले की साज उतरवून पुन्हा शेतावर जावयाचे, अशी ती शिस्त आहे. भूमिकेत शिरणे आणि तीतून बाहेर येणे या दोन्ही गोष्टी सातपुड्याने पूर्वीपासून नियमांनी बांधून ठेवल्या आहेत. अमेरिकेतील चिंतातुर पालकांना जी भीती वाटत होती, की मूल भूमिकेत शिरेल आणि परत येणारच नाही, त्या भीतीचे उत्तर काठीच्या होळीत मिळाले असते.

या सोंगांना एके काळी शहरातला सुशिक्षित माणूस मागासलेपणाची खूण मानत असे. आता होळीला कॅमेरे घेऊन त्याच शहरांतून गाड्या येतात आणि बुध्याचे छायाचित्र पर्यटनाच्या जाहिरातीत झळकते. ही प्रतिष्ठा नको असे कोणी म्हणणार नाही. पण ती किती पातळ आहे हे पाहावे. बुध्याचा टोप भित्तिपत्रकावर चालतो, त्याची बोली मात्र वर्गात चालत नाही.

प्रतिष्ठा येते कोठून?

अमेरिकेतील खेळाची प्रतिमा बदलली, ती काही संशोधनाचे अहवाल वाचून बदलली नाही. ज्या मुलांची पुस्तके १९८० च्या दशकात जप्त झाली, ती मुले मोठी झाली. त्यांतील कोणी शिक्षक झाले, कोणी लेखक, कोणी दूरचित्रवाणी मालिकांचे निर्माते. हा खेळ १९९७ मध्ये एका नव्या कंपनीकडे आणि १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीकडे गेला. २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत चार मित्र तळघरात बसून तो खेळताना जगभर दिसले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील खेळण्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्याला मानाचे स्थान दिले. शिवाय मोबाइलने हैराण झालेल्या पालकांना, चार मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहून तीन तास बोलतात, हे दृश्यच आता दुर्मिळ आणि हवेसे वाटू लागले. काही मानसोपचारतज्ज्ञ बुजऱ्या मुलांसाठी या खेळाचा उपयोग करून पाहत आहेत. ज्याला मुलांना माणसांतून उठविणारा खेळ म्हणत, त्याच्याकडे आता मुलांना माणसांत आणणारा म्हणून पाहिले जाते.

यात समाधान मानावे तितकी एक बोचही आहे. वॉपनच्या कैद्याला ही नवी प्रतिष्ठा मिळाली नाही. पैसा, प्रसिद्धी आणि मध्यमवर्गीय बैठकीची खोली लाभली तेथे खेळ निर्दोष ठरला. कोठडीत तो टोळीच राहिला. आपल्याकडेही क्लबातील पत्ते आणि निंबाखालचे पत्ते यांत नेमका हाच फरक केला जातो. खेळाची परीक्षा करतो असे म्हणत समाज बहुधा खेळणाऱ्याची जात, पैसा आणि पत्ता तपासत असतो. तेव्हा एखाद्या खेळाला अब्रू मिळाली म्हणून टाळ्या वाजविण्यापूर्वी ती कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे विचारले पाहिजे.

वर्गात फासा आला तर

हा प्रश्न शिक्षकांपुढे आज ना उद्या येणारच आहे. पुण्या-मुंबईच्या कॅफेंतून आणि परदेशी मालिकांतून हा खेळ मराठी मुलांपर्यंत आलेला आहे. त्याला लागते काय तर कागद, पेन्सिल आणि फासा. शिक्षकाने त्याचे काय करावे? जप्त करणे हा सर्वांत सोपा मार्ग झाला. त्याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे असे आम्हांस वाटते.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होते, राज्यात सर्वांत कमी. लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजर बोली बोलणारी मुले शाळेत येतात आणि पाठ्यपुस्तकाच्या मराठीपुढे गप्प होतात. ही मुले मंद नसतात. चुकीचे बोललो तर हसतील, हे भय त्यांच्या जिभेवर बसलेले असते. अशा मुलाला भूमिका देणे म्हणजे त्याला एक आडोसा देणे आहे. चुकले तर ते पात्र चुकते, मूल चुकत नाही. आणि ज्याच्या घरी काका किंवा मोठा भाऊ होळीत बुध्या होतो, त्या मुलाला भूमिका घेणे म्हणजे काय हे शिक्षकापेक्षा कदाचित अधिक कळत असेल.

२०२४ पासून राज्यातील शाळांत पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला आहे. त्यातील एखादा तास याला द्यावा. राक्षस आणि तळघरे हवीतच असे नाही. सूत्रधाराने ग्रामसभा मांडावी. हा जिल्हा पेसा कायद्याचा आहे, तेव्हा तो विषय दूरचा नाही. एक मूल सरपंच, एक वनरक्षक, एक मोहफुले वेचणारी बाई, एक तलाठी. पाड्यावरचा झरा आटला आहे, पाणी कोठून आणावयाचे? प्रत्येकाने आपल्या पात्राच्या बोलीत बोलावे. मोहफुले वेचणाऱ्या बाईने पावरीत बोलणे हे तर स्वाभाविकच ठरेल. फासा पडेल, बेत फसेल, पुन्हा विचार करावा लागेल. नागरिकशास्त्राचे जे प्रकरण पाठ करूनही डोक्यात शिरत नाही, ते येथे तोंडून निघेल. यासाठी अनुदान लागत नाही, वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. या जिल्ह्यात ही सोय लहान नव्हे.

पथ्ये मात्र सांगितली पाहिजेत. पैशांची, वस्तूंची बाजी कधीही नको. सूत्रधाराची जागा एकाच दांडगट मुलाकडे राहू नये, ती फिरती असावी. ज्याला उठून जावयाचे आहे त्याला हसू न करता जाऊ द्यावे. आणि खेळ संपल्यावर, होळीनंतर साज उतरवतात तसा, पाच मिनिटे सर्वांनी आपापल्या नावाने बोलून भूमिका उतरवावी. हा खेळ म्हणजे औषध नाही, हेही लक्षात ठेवावे. एखादे मूल खिन्न असेल, जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर फाशांना दोष देऊन किंवा फाशांवर विसंबून भागणार नाही. त्याच्या घरी जावे लागेल, त्याला डॉक्टरकडे न्यावे लागेल. अमेरिकेत १९७९ साली मोठ्यांनी भुयारे शोधली; मुलाच्या मनाची विचारपूस करणे मात्र राहून गेले. तेवढी चूक आपण टाळू शकतो.

यापुढे कधी मागच्या बाकावर फाशांचा आवाज आला, तर हात पुढे करून तो मागून घेण्याआधी शिक्षकाने त्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: “या डावात तू कोण आहेस?” मूल उत्तर देईल. कदाचित पावरीत देईल. वर्गात त्याने आपण होऊन उच्चारलेले ते पहिले वाक्य असू शकेल, आणि ते पुरते ऐकून घेण्याइतका वेळ शिक्षकाजवळ असावा.